नवीन सक्युलंट लावलंय? पाणी कधी, किती आणि कसं घालायचं

जानेवारीच्या शेवटी पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, पुढेमागे मुंबईत राणीच्या बागेतलंही भरतं, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या कितीतरी पिशव्यांतून इचेव्हेरियाची एखादी छोटी कुंडी डोकावत असते. होळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच झाडांची खालची पानं पिवळी, पाणीदार होऊन गळायला लागतात आणि एके दिवशी पानांचा अख्खा झुबका बुडापासून सुटून हातात येतो. घरच्यांनी हयगय केलेली नसते, उलट रोज आठवणीनं पाणी घातलेलं असतं. नव्यानं लावलेली सक्युलंट, म्हणजे पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी मांसल झाडं, जास्त करून पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच जातात, आणि जातात ती पाण्यानं. म्हणून इथे फक्त त्याच काळाबद्दल लिहितो आहे. इचेव्हेरिया, ग्राप्टोपेटालम, सेडम, हॅवर्थिया, जेड ही नवशिक्यांच्या हाती पहिल्यांदा येणारी झाडं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. अ‍ॅडेनियमचं वेळापत्रक निराळं असतं, ते शेवटी सांगतो.

आधी झाड कसं जगतं ते बघू

पानफुटी तुमच्या ओळखीची असेल. कुंडीत एक पान टाकलं की त्याच्या कडेनं पिल्लं फुटतात ती. तीही इचेव्हेरिया, सेडम, जेड यांच्याच कुळातली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की हिची पानं सकाळी आंबट लागतात, दुपारपर्यंत ती चव जाते आणि संध्याकाळी पान कडसर लागतं. त्यांची ही नोंद लंडनच्या लिनियन सोसायटीनं १८१५ साली छापली. (तुम्ही मात्र चाखून बघू नका, या वर्गातल्या काही झाडांमध्ये विषारी द्रव्यं असतात.)

त्या आंबटपणाचं कारण पुढे उलगडलं. बाकीची झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडी ठेवतात, त्यातून हवा आत येते आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. बहुतेक सक्युलंट ही छिद्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेड मिळाला की तो वापरतात. त्यामुळे त्यांचं पाणी फार थोडं उडतं. शिवाय पानांमध्ये साठा असतोच.

आपल्या कामाचा मुद्दा असा, की मुळं नसलेलं सक्युलंटसुद्धा आठ-पंधरा दिवस आरामात तग धरतं. त्याला घाई नसते. कुजकी मुळं आणि ओली माती मात्र त्याला आठवड्याभरात संपवू शकते.

रोप कुंडीतून काढताना

बाजारात मिळणारं रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात असतं. नर्सरीवाल्याला ते सोयीचं पडतं, वजन कमी आणि ओल टिकते. आपल्या घरी तीच ओल नडते. कोकोपीट वरून सुकलेलं दिसलं तरी आत गाभ्यात ओलं राहतं, आणि एकदा का पार कोरडं झालं की पाणी शोषूनच घेत नाही, वरचं पाणी कडेकडेनं निघून जातं. म्हणून ते काढायचं.

आणल्या आणल्या कुंडी बदलायची गरज नाही. दोन-चार दिवस उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा, पाणी घालू नका. कोकोपीट सुकलं की काम सोपं होतं. मग कुंडी आडवी धरून चारी बाजूंनी हलकेच दाबा आणि रोप बुंध्यापाशी धरून सोडवा. पानांना धरून ओढू नका. इचेव्हेरियाच्या पानांवर जी पांढुरकी पावडर दिसते, ती मेणाची असते आणि उन्हापासून पानाचं रक्षण करते. बोट लागलं की तिथला ठसा कायम राहतो, त्या पानावर ती पुन्हा येत नाही.

आता मुळांचा गोळा हातात घ्या. बोटांनी कोकोपीट थोडं थोडं मोकळं करत गेलात की मधोमध पातळ जाळीचं किंवा कागदासारख्या कापडाचं एक टोपण लागण्याची शक्यता आहे. रोप लहान असताना ते त्यात वाढवलेलं असतं. मुळं त्या जाळीच्या आरपार गेलेली असतात. छोट्या कात्रीनं ती उभी कापा आणि सोलून काढा, थोडी मुळं तुटली तरी चालेल. जाळी तशीच राहिली तर बाहेरची माती सुकते आणि बुंध्याखालचा तो सुपारीएवढा गोळा ओलाच राहतो. कूज सुरू होते ती तिथूनच.

मुळं नीट बघा. पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि ताठ असतील तर उत्तम. काळी, बोटानं ओढल्यावर साल सुटून येणारी मुळं मेलेली असतात, ती कापून टाका. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. अशा वेळी सगळी जुनी माती झटकून मुळं वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवा आणि हे रोप इतरांपासून लांब ठेवा.

ऑनलाइन मागवलेली रोपं बऱ्याचदा पश्चिम बंगालमधल्या कालिम्पोंगहून येतात. सक्युलंट आणि निवडुंगांच्या नर्सऱ्यांसाठी ते गाव प्रसिद्ध आहे. ती रोपं मातीविना, कागदात गुंडाळून येतात, चार-सहा दिवस अंधारात प्रवास करतात आणि पोचतात तेव्हा पानं सुरकुतलेली असतात. ती बघून पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायचा मोह होतो, तो आवरा. शिवाय हे रोप थंड डोंगराळ हवेतून आलेलं आहे, त्याला पुण्या-मुंबईच्या हवेशी जुळवून घ्यायलाही वेळ लागतो.

दोन्ही प्रकारची रोपं मुळं मोकळी केल्यावर वर्तमानपत्रावर सावलीत दोन-तीन दिवस तशीच पडू द्या. उघडी मुळं बघून जीव धजावत नाही हे मी समजू शकतो, पण याच काळात तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकतात.

माती आणि कुंडी

घाटावरच्या वाचकांसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना: शेतातली काळी माती नको. कापसाला ती सोनं, पण तिच्यातली चिकणमाती पाणी धरून फुगते आणि सुकताना आवळत, भेगाळत जाते. सक्युलंटची बारीक मुळं तिच्यात गुदमरतात. कोकणातली लाल माती त्यापेक्षा बरी, तरी नुसती वापरू नका.

साधं प्रमाण सांगतो. एक भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा जुनं कुजलेलं शेणखत, आणि दोन ते तीन भाग खडबडीत काहीतरी. या खडबडीत भागासाठी प्युमिस किंवा परलाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र दगडी दाणे) मिळालं तर छान. नाही तर विटांचे तुकडे ठेचून ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे करा, चाळून त्यातली धूळ टाकून द्या. धूळ राहिली तर तीच चिखल होऊन बसते. नदीची जाड वाळू चालते, समुद्राची नाही, तिच्यात मीठ असतं. मुंबईसारख्या दमट हवेत खडबडीत भाग तीन, नागपूर-जळगावसारख्या कोरड्या ठिकाणी दोन पुरतात.

मिश्रण जमलंय का हे बघायला कुंडीत भरून वरून पेलाभर पाणी ओता. काही सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळ्यासारखं साचलं तर खडबडीत भाग वाढवा. चाचणीचं मिश्रण नंतर पसरून सुकवून घ्या.

कुंडी झाडापेक्षा एखादाच इंच रुंद असावी. मोठ्या कुंडीतली माती छोट्या मुळांना पिऊन संपत नाही. शक्यतो मातीची कुंडी घ्या, तिच्या भिंतीतूनही पाणी उडतं. खाली भोक हवंच. काचेचे गोल बाऊल आणि बिनभोकाचे कप दिसायला गोड असतात, पण शिकायला वाईट. आणि तळाशी खडीचा थर देऊन निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या खडीत उतरत नाही, त्यामुळे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर खापराचा तुकडा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवा, बास.

कोरड्या मिश्रणात रोप असं बसवा, की सगळ्यात खालची पानं मातीला टेकणार नाहीत. वर बारीक खडीचा अर्धा इंच थर द्या.

पहिलं पाणी

आता थांबायचं. किती, ते मुळांवर ठरतं.

मुळांना धक्का न लावता गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवला असेल, तर दोन-तीन दिवस. मुळं मोकळी केली, कापली असतील तर साधारण आठवडा. मुळंच नसलेली फांदी लावली असेल तर दहा ते पंधरा दिवस. हवा दमट असेल तर यात थोडे दिवस वाढवा, विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात एखाद-दोन दिवस कमी करा. तुटलेलं मूळ ही उघडी जखम असते. ओल्या मातीतल्या बुरशा तिथूनच आत शिरतात आणि बुंध्यापर्यंत चढतात. जखमेवर खपली धरली की ती वाट बंद होते. एवढ्यासाठी हे थांबणं.

या दिवसांत पानं थोडी मऊ पडतील, सुरकुततील. हे अपेक्षितच आहे. झाड पानातला साठा वापरून नवी मुळं काढतं आहे.

पहिलं पाणी घालताना झारी नको, निमुळत्या नळीची दाबायची बाटली घ्या, हॉटेलात सॉससाठी असते तशी साधीही चालेल. नळी पानांखाली सरकवून कुंडीच्या कडेनं गोल फिरवत सावकाश पाणी सोडा. आधी खडीचा रंग गडद होतो, मग एक-दोन बुडबुडे येतात, म्हणजे मातीतल्या पोकळीतली हवा बाहेर पडते आहे. जरा थांबून पुन्हा एक फेरी द्या. भोकातून पाणी ठिबकायला लागलं की हात थांबवा. रोपाला मुळं असतील तर पहिलं पाणीही असं पोटभरच द्या. चमचा-चमचा पाण्यानं फक्त वरचा थर भिजतो आणि मुळं खाली जायची सोडून वरच घोटाळतात. बिनमुळांच्या फांद्यांना मात्र सुरुवातीला नुसती वरची माती ओलावण्यापुरतंच पाणी, चार-पाच दिवसांनी एकदा.

पानांच्या मधोमध पाणी साचलं तर टिश्यूच्या टोकानं टिपून घ्या, नाही तर जोरात फुंकर मारा. बशीत उतरलेलं पाणी पंधरा मिनिटांत ओतून टाका. स्प्रेच्या बाटलीनं पानांवर फवारणी करायची सवय लावूच नका. पानं त्यातून पुरेसं पाणी पीत नाहीत, डाग पडतात आणि बुडाशी ओल राहते.

हिवाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर पाणी घाला, म्हणजे रात्रीच्या थंडीआधी पानं कोरडी होतील. उन्हाळ्यात सूर्य उतरल्यावर.

दुसरं पाणी कधी?

"आठवड्यातून किती वेळा?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याला वारानं उत्तर देता येत नाही. तीन इंची मातीची कुंडी पुण्याच्या जानेवारीत साधारण आठ-दहा दिवसांत आतपर्यंत सुकते, तेवढीच प्लास्टिकची कुंडी दोन आठवडे घेऊ शकते, आणि जुलैत मुंबईत तीच कुंडी महिनाभरही ओली राहील. म्हणून कॅलेंडर न बघता कुंडी बघा.

खराट्याची एक हीर किंवा वापरून झालेली अगरबत्तीची काडी घ्या. ती कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि काढा. काडी गडद, गार लागत असेल किंवा तिला माती चिकटली असेल तर अजून नको. कोरडी निघाली तर आणखी एक-दोन दिवस जाऊ द्या आणि मग पाणी घाला. दुसरी खूण वजनाची. पाणी घातल्यावर कुंडी उचलून बघा, पुढे रोज उचला. आठ-दहा दिवसांत हाताला आपोआप कळायला लागतं.

तिसरी खूण पानं, पण नव्या रोपाच्या बाबतीत ती फसवते. जुन्या, मुरलेल्या झाडाची पानं मऊ पडली म्हणजे त्याला तहान लागली. नव्या रोपाची पानं मऊ पडली तर कदाचित मुळंच अजून फुटलेली नसतील, मग पाणी घालून उपयोग नाही. साधारण तीन आठवड्यांनी बुंधा दोन बोटांत धरून अगदी हलका ओढून बघा. रोप जागचं हललं नाही तर मुळं धरली. मधून कोवळी, फिकट पानं फुटताना दिसली तर शंकाच नको. तिथून पुढे पानांवर विश्वास ठेवा.

पाणी कुठलं

नळाचं चालतं. पावसाचं साठवलेलं असेल तर सर्वांत चांगलं. बोअरच्या जड पाण्यानं कुंडीच्या कडेला पांढरे क्षार जमतात, तसं असेल तर मधूनमधून पावसाच्या पाण्यानं माती भरपूर धुऊन काढा. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी वाचवायची इच्छा चांगली आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, सक्युलंटला नको.

ऊन

लावल्यावर पहिले दोन आठवडे भरपूर उजेड, थेट ऊन नाही. नंतर सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग हळूहळू तीन-चार तासांपर्यंत. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप एकदम गच्चीत ठेवलं की पानांवर तपकिरी चट्टे पडतात आणि ते जात नाहीत. उलट उजेड कमी पडला तर मधला दांडा लांबत जातो, पानं विरळ होतात. पूर्वेची गॅलरी यासाठी उत्तम. हॅवर्थिया कमी उन्हातही मजेत असते, इचेव्हेरियाला ते जमत नाही.

पावसाळा

लागवडीला योग्य काळ ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर नवं रोप लावायचं टाळा. भेट म्हणून आलंच, तर कुंडी न बदलता कोरड्या जागी ठेवा आणि ऑक्टोबरपर्यंत थांबा.

पण पाऊस म्हणजे सक्युलंटचा शत्रू, असं नाही. जुन्नरजवळ शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक वनस्पती उगवते. ती जगात फक्त महाराष्ट्रातच सापडते. उन्हाळ्यात तिच्या नुसत्या मांसल काड्या उरतात, पाऊस पडला की त्यांना पानं फुटतात आणि मग गडद तांबूस, चांदणीसारखी फुलं येतात. सह्याद्रीचा सगळा पाऊस ती अंगावर घेते आणि कुजत नाही, कारण तिची मुळं खडकाच्या फटीत असतात. पाणी येतं आणि वाहून जातं, वारा सतत खेळता असतो. (ती दुर्मीळ आहे. गडावर दिसली तर फोटो काढा, हात लावू नका.)

आपल्या गॅलरीत हेच दोन गुण आणायचे आहेत, निचरा आणि वारा. कुंड्या पागोळ्यांखालून आणि झडीच्या माऱ्यातून आत घ्या, एकमेकींना चिकटवून ठेवू नका, फरशीवर न ठेवता जाळीच्या मांडणीवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल. सलग ढगाळ आठवड्यात माती कोरडी झाली तरी पाणी घालू नका, दोन दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबा. बंद खोलीत ठेवावं लागलं तर दिवसातून काही तास पंखा लावा, याचा फार उपयोग होतो.

काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर

सगळ्यात खालची एक-दोन पानं कागदासारखी कोरडी होऊन गळत असतील तर काळजी नको, जुनी पानं अशीच जातात. पानं पिवळट, पारदर्शक, बोटानं दाबल्यावर फुटतील अशी झाली असतील तर पाणी जास्त झालं आहे. सगळी पानं सुरकुतली आहेत आणि माती कोरडी आहे, तर तहान. पण पानं सुरकुतलेली आणि माती ओली, हे दिसलं की सावध व्हा. मुळं कुजली आहेत म्हणून झाडाला पाणी ओढता येत नाही. इथेच बहुतेक जण आणखी पाणी घालतात.

अशा वेळी रोप लगेच उपसा. बुंधा काळा, मऊ झाला असेल तर स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं वरच्या बाजूला आडवा काप द्या आणि छेद बघा. मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडं दिसत असेल तर आणखी थोडं वर कापा, पुन्हा ब्लेड पुसून. संपूर्ण स्वच्छ, फिकट हिरवा छेद मिळेपर्यंत थांबू नका, तीन-चार पानं गेली तरी जाऊ द्या. छेदावर बुरशीनाशकाची पूड लावा, पाच-सात दिवस सावलीत सुकवा आणि बिनमुळांच्या फांदीसारखं नव्यानं लावा. गळलेली निरोगी पानंही कोरड्या मातीवर नुसती ठेवून द्या, त्यातल्या काहींना महिन्याभरात गुलाबी मुळं आणि इवलं रोप फुटेल.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कानकोरणीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा, आठवड्यानं पुन्हा तपासा. कडुनिंबाचं तेल वापरणार असाल तर संध्याकाळी, आणि दोन दिवस रोप उन्हात ठेवू नका, पानं भाजतात.

उन्हाळा, खत आणि अ‍ॅडेनियम

एप्रिल-मे महिन्यांत पारा पस्तिशीच्या वर राहायला लागला की इचेव्हेरियासारखी झाडं वाढ थांबवतात. तेव्हा खूप तापलंय म्हणून पाणी वाढवू नका. दुपारी ५० टक्के सावलीची जाळी लावा आणि पाणी संध्याकाळी, माती पूर्ण सुकल्यावरच द्या. अ‍ॅडेनियमचं याच्या उलट: ते उन्हाळ्यात फोफावतं, तेव्हा त्याला भरपूर ऊन आणि पाणी आवडतं, आणि थंडीत पानं गाळून झोपतं, तेव्हा पाणी जवळजवळ बंद.

खत पहिले दोन महिने नको. मिश्रणातलं गांडूळखत पुरतं. नंतर, झाड वाढीला लागलेलं दिसलं की पाण्यात विरघळणारं संतुलित खत पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं किंवा चौथाई करून महिन्यातून एकदा द्या, तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं तर नाजूक मुळं जळतात.